पोरगं हाताबाहेर चाललंय, फोन कुणाला लावायचा?

सायबर फ्रॉड झाला की १९३० ला फोन लावायचा हे आता गल्लीतल्या आजीबाईंनाही पाठ झालंय. लहान मूल अडचणीत असेल तर १०९८, बाईला त्रास असेल तर १८१, मन थाऱ्यावर नसेल तर टेलिमानसचा १४४१६, तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलणारं माणूसही मिळतं. पण समजा एखाद्या बापाला दिसतंय की आपला सतरा वर्षांचा पोरगा गेल्या काही महिन्यांत पार बदललाय, रात्री तीन-तीनपर्यंत मोबाईल, जुन्या मित्रांशी बोलणं बंद, जेवताना टीव्हीवर बातमी लागली की "यांना कापलंच पाहिजे" म्हणतो आणि ते मस्करीत म्हणत नाही, तर या बापाने फोन कुणाला लावायचा? ११२. म्हणजे पोलीस. म्हणजे लावायचाच नाही.

पारोळ्याकडचे एक ओळखीचे आहेत, कापसाच्या व्यापारात. त्यांच्या भाच्याबद्दल असंच काहीतरी बोलत होते, मी म्हटलं बीट हवालदाराशी बोला ना, तो तर तुमच्या ओळखीचाय. ते हसले आणि म्हणाले, "पोलिसले सांगं तं त्या पोऱ्यालेच लई जातीन." विषय तिथेच संपला. भाचा कुठल्या बाजूचा, कुठल्या ग्रुपात, हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण ते सांगितलं की वाचणारे निम्मे लोक पुढे वाचणारच नाहीत आणि उरलेले निम्मे फार खूश होऊन वाचतील.

हिंसक कट्टरता रोखायची राष्ट्रीय रणनीती असावी, असं जगभर गेली दहा वर्षं बोललं जातंय. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी जानेवारी २०१६ मध्ये यावर एक कृती आराखडा मांडला, त्यात प्रत्येक देशाने आपापला राष्ट्रीय आराखडा करावा असं सांगितलं, संवाद, चांगला कारभार आणि कायद्याचं राज्य, समाजाचा सहभाग, तरुण, महिला, शिक्षण-रोजगार, इंटरनेट असे सात विषय दिले. हिंसक कट्टरता म्हणजे नेमकं काय याची व्याख्या मात्र त्यांनी केली नाही, ती देशांवर सोडली. कॅनडाने २०१८ मध्ये आपली स्ट्रॅटेजी काढली, केनियाने २०१६ मध्येच काढली होती. आपल्याकडे गृह मंत्रालयात २०१७ पासून दहशतवाद आणि कट्टरतेविरोधी कामाचा वेगळा विभाग आहे, महाराष्ट्रात एटीएसनेही, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, भरकटलेल्या पोरांना समजावून परत आणायचे प्रयत्न केलेत. म्हणजे विषय नवा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दिल्लीत कितीही जाड कागद तयार होऊ दे, त्याची परीक्षा एकाच ठिकाणी होणार, आपल्या घरातल्या पोराबद्दल शंका आलेला माणूस न घाबरता कुणाशी तरी बोलू शकतो का नाही. ते जमलं नाही तर बाकी सात विषय सेमिनारला ठीक आहेत.

आता आधी व्याख्येचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. आपल्याकडे कट्टरता म्हटलं की डोळ्यासमोर बॉम्ब येतो, आणि बॉम्बसोबत एक ठराविक नाव आणि एक ठराविक दाढी येते. खान्देशात राहणाऱ्या माणसाला हे पुरत नाही. इथे माणसं कशी मेली ते आठवा. धुळ्यात ६ जानेवारी २०१३ ला मच्छीबाजारात हॉटेलच्या बिलावरून वाद झाला, काही रुपयांचा, तासाभरात दोन्हीकडून दगड, मग जाळपोळ, मग गोळीबार, पोलिसांच्या गोळ्यांनी सहा मुस्लिम तरुण गेले आणि नंतर तोडफोड-लूट करणाऱ्या पोलिसांचे व्हिडिओ बाहेर आले, त्यातल्या काहींना अटकही झाली. राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला पाच जण ठेचून मारले, त्यावर पुढे सविस्तर बोलतो. अमळनेरला जून २०२३ मध्ये दगडफेक झाली, कर्फ्यू लागला. पाळधीत २०२४ च्या शेवटच्या रात्री गाडीच्या हॉर्नवरून सुरू झालं आणि दुकानं जळाली. जामनेरला ऑगस्ट २०२५ मध्ये विशीतल्या एका मुस्लिम पोराला कॅफेतून उचलून जमावाने मारून मारून जीव घेतला, पोलीस स्टेशन जवळच होतं, आणि तो पोरगा स्वतः पोलीस भरतीच्या मागे होता. यात कुठेही आरडीएक्स नाही, परदेशी हँडलर नाही. म्हणून हे कट्टरतेत मोजायचं नाही का? कोणीतरी सतरा-अठरा वर्षांचा पोरगा त्या गर्दीत शिरतो तेव्हा त्याच्या डोक्यात हे आधीच ठरलेलं असतं की समोरचा माणूस मारण्याच्या लायकीचा आहे, कारण तो 'त्यांच्यातला' आहे किंवा 'बाहेरचा' आहे. हे ठरणं एका दिवसात होत नाही. राष्ट्रीय स्ट्रॅटेजीने जर फक्त बॉम्बवाले मोजले आणि काठीवाले सोडून दिले, तर खान्देशापुरता तरी तो कागद कोरा.

राईनपाडा हे साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक भिक्षा मागत फिरत होते, हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा धंदा. त्याआधी काही आठवडे सगळीकडे पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते, त्यातला देशभर गाजलेला बाईकवाला व्हिडिओ तर मुळात कराचीतल्या एका जनजागृती मोहिमेसाठी बनवलेला, शेवटचा संदेश कापून टाकला की तो खरा अपहरणाचा वाटतो. कुणीतरी बोट दाखवलं, बाजार जमला, पाच जणांना ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडलं आणि तिथेच मारलं. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात, जिथे आपण सातबाऱ्याच्या आणि घरकुलाच्या चौकश्या करायला जातो, तिथे.

आणि त्याच दिवशी, तीच अफवा, मालेगावात. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण बाजाराने, बोलीने, सोयरिकीने आमचं शेजारीच. तिथेही बाहेरगावचं एक कुटुंब पोरं पळवणारं समजून गर्दीने धरलं, त्यांच्यात एक दोन वर्षांचं लेकरू होतं. गर्दी शेकड्यांनी वाढत गेली, पोलिसांच्या गाड्यांचीही तोडफोड झाली. पण तिथे काही स्थानिक लोकांनी त्या कुटुंबाला एका घरात घेतलं, पोलीस वेळेत पोचले, त्यांनी सगळ्यांना जिवंत बाहेर काढलं आणि गोळीबारही करावा लागला नाही. मालेगाव! ज्या गावाचं नाव काढलं की पुण्या-मुंबईच्या लोकांच्या कपाळाला आठी पडते ते मालेगाव.

हा फरक कशाने पडला यावर मी बराच विचार केलाय. राईनपाड्याचे लोक जास्त क्रूर आणि मालेगावचे जास्त सज्जन असं काही नसतं. मालेगावात दंगली आणि स्फोट एवढे झालेत की कुणाला फोन करायचा, कुठला नगरसेवक, कुठला मौलाना, कुठला पोलीस अधिकारी, हे लोकांना माहीत आहे आणि पोलिसांनाही गल्ली माहीत आहे. राईनपाड्यात त्यातलं काहीच नव्हतं, पिंपळनेरहून पोलीस येईपर्यंत खेळ खल्लास, आणि जे पोलीस आधी पोचले ते गर्दीपुढे मूठभर. म्हणजे अफवा दोन्हीकडे सारखीच पोचली, व्हॉट्सॲपला तालुका कळत नाही, पण उलट दिशेने जाणारी यंत्रणा एकाच ठिकाणी होती. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात फॉरवर्डवर पाच जणांची मर्यादा घातली. १७ जुलै २०१८ ला सुप्रीम कोर्टाने झुंडबळीवर निकाल दिला, प्रत्येक जिल्ह्यात एसपीच्या खालच्या दर्जाचा नसलेला नोडल अधिकारी नेमा म्हणून सांगितलं, आणि नव्या न्याय संहितेत कलम १०३(२) आलं, पाच किंवा जास्त लोकांनी मिळून जात, समाज, भाषा असल्या कारणावरून केलेल्या खुनासाठी. ती संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, म्हणजे राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी, योगायोगच. आता नुसत्या अफवेवर मारलेले डवरी गोसावी या कलमात सरळ बसले असते का, यावर वकील लोक तास-तास भांडतील, पण ते जाऊ द्या. माझा प्रश्न साधा आहे, तुमच्या जिल्ह्याचा नोडल अधिकारी कोण, त्याचा नंबर काय, दहा जणांना विचारून बघा.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे आणि ती बोलली की दोन्हीकडून शिव्या पडतात. ती म्हणजे कोर्टाची. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून जास्त लोक गेले. त्यात नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं, त्यातले बहुतेक पाच वर्षं आत राहिले, २०११ मध्ये जामीन मिळाला, २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना दोषमुक्त केलं, तोवर त्यांच्यातला एक जण वारलाही होता. मग २९ सप्टेंबर २००८ चा भिक्कू चौकातला स्फोट, सहा जण गेले, त्या केसमध्ये ३१ जुलै २०२५ ला सगळे सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्याच्या दहा दिवस आधी मुंबईच्या लोकल स्फोटांच्या केसमध्ये हायकोर्टाने बाराही आरोपी सोडले, सुप्रीम कोर्टाने लगेच म्हटलं की हा निकाल दुसऱ्या केसला दाखला म्हणून वापरायचा नाही. आता यावर आमच्या चहाच्या टपरीवर काय चर्चा होते सांगू? एक बाजू म्हणते, बघा आमच्या पोरांना फुकट सडवलं. दुसरी बाजू म्हणते, बघा आमच्या लोकांना फुकट सडवलं. दोघांचं वाक्य एकच! आणि जो माणूस पोरं गोळा करतो, कुठल्याही बाजूचा, त्याचं अर्धं काम हे वाक्य करून देतं. "कायदा आपल्यासाठी नाहीच" हे पटलेल्या पोराला पुढचं काहीही पटवता येतं. मेलेल्यांच्या घरच्यांना तर काहीच मिळालं नाही, ना गुन्हेगार ना उत्तर, आणि त्यांची आठवण या भांडणात कुणाला येतच नाही.

म्हणून मला वाटतं की तपास नीट होणं हाच कट्टरता रोखायचा सगळ्यात मोठा कार्यक्रम आहे, आणि तो कुठल्याही आराखड्यात 'जनजागृती'च्या खाली शेवटी असतो. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात जामीन किती कठीण आहे हे सगळ्यांना माहीत आहे, कलम ४३ड(५) मुळे प्रथमदर्शनी आरोप खरा वाटला की कोर्टाचे हात बांधले जातात. कडक कायदा नको असं मी म्हणत नाहीये, बॉम्ब ठेवणाऱ्याला मोकळं सोडा असं तर अजिबात नाही. पण एवढा कडक कायदा हातात असताना तपास ढिला असेल तर निर्दोष आत सडतो आणि दोषी बाहेर फिरतो, दोन्ही नुकसान एकदम. आणि त्या बापाचं गणित बघा, फोन केला तर पोरगा दहा वर्षं आत, नाही केला तर कदाचित आपोआप सुधरेल. कुठलाही बाप दुसरा पर्याय घेणार.

इंग्लंडचं उदाहरण लोक फार देतात, प्रिव्हेंट नावाचा त्यांचा कार्यक्रम. २०१५ पासून तिथे शाळा, कॉलेज, हॉस्पिटल या सगळ्यांवर कायदेशीर बंधन आहे की कट्टरतेची लक्षणं दिसली तर कळवायचं. झालं काय, मुस्लिम समाजाला वाटायला लागलं की शिक्षक म्हणजे खबऱ्या. एका नर्सरीत तर चार वर्षांच्या पोराच्या चित्रावरून त्याला रेफर करायचं का यावर चर्चा झाली, पोराने बापाला काकडी कापताना काढलं होतं, तो बोबडं 'कुकंबर' म्हणाला आणि मॅडमला 'कुकर बॉम्ब' ऐकू आला. हसू येतं, पण त्या आईला नसेल आलं. आणि दुसरीकडे साऊथपोर्टला जुलै २०२४ मध्ये ज्याने तीन लहान मुलींना मारलं तो पोरगा प्रिव्हेंटकडे तीनदा रेफर झालेला होता. तिन्ही वेळा फाईल बंद, कारण त्याची नक्की विचारसरणी कुठली ते सापडेना. त्याला हिंसाचाराचंच वेड होतं, झेंडा कुठलाच नव्हता, आणि यंत्रणा झेंडा शोधत बसली.

हे शेवटचं मला खान्देशाच्या फार जवळचं वाटतं. आमच्याकडच्या पोरांचा झेंडा पण पातळच असतो हो. वाढदिवसाला चौकात गाडीच्या बॉनेटवर पाच केक ठेवून तलवारीने कापायचे, मागे 'भाई' वालं गाणं, फटाके, रील. दोन दिवसांनी पोलीस उचलतात, मग हात जोडून "माझी चूक झाली, कुणी असं करू नका" असं दुसरं रील, त्याला पहिल्यापेक्षा जास्त व्ह्यूज. हा पोरगा विचाराने कट्टर आहे का? त्याने दोन पानंही वाचलेली नसतात. पण तलवार हातात घेतल्यावर आपण कुणीतरी आहोत असं त्याला पहिल्यांदा वाटलं, आणि उद्या कुणीतरी येऊन सांगितलं की ही तलवार कुणावर चालवायची तर विचार नंतर चिकटवता येतो. अभ्यासिकेत चार-चार वर्षं भरतीची वाट बघणारी पोरं, पहाटे ग्राउंड मारून येतात, पेपर फुटल्याची बातमी वाचतात, घरी विचारतात काय झालं रे. यातली बहुसंख्य पोरं कधीच कुणावर हात उचलणार नाहीत, बेरोजगारी म्हणजे दंगल असं सोपं समीकरण मी मांडत नाहीये, ते खोटंय, दंगलीत चांगल्या घरची, पोट भरलेली पोरंही असतात. पण आपण कुणीच नाही असं वाटणारं पोरगं हेरायला गोळा करणाऱ्याला एक मिनिट लागतं. आपल्याला, म्हणजे शाळेला, घराला, सरकारला, ते हेरता येत नाही.

मग काय, शिक्षकांना कामाला लावायचं? कृपा करा. झेडपीच्या गुरुजींकडे आधीच मतदार यादीचं बीएलओचं काम, खिचडी, सर्वे, ॲप आणि अजून एक ॲप आहे. त्यांना कट्टरतेचा मासिक तक्ता दिला तर ते दर महिन्याला काय भरतील हे मला आजच माहीत आहे, निरंक. आणि जे भरणार नाहीत निरंक, त्यांची जास्त भीती आहे, कारण ते वर्गातल्या कुठल्या पोरांची नावं भरतील हेही माहीत आहे.

जर्मनीने जरा वेगळं केलं. २०१२ पासून तिथे कट्टरतेबद्दल सल्ला देणारी हेल्पलाईन आहे, चालवतं सरकारी खातं, पण ते पोलीस खातं नाही, स्थलांतर आणि निर्वासितांचं ऑफिस आहे, आणि फोन आल्यावर पुढचं काम स्थानिक संस्थांचे समुपदेशक करतात. फोन करणारे आई-वडील, बहीण, शिक्षक. पोराला सुधरवण्याआधी घराला सांगतात की त्याच्याशी बोलणं तोडू नका, वाद घालून जिंकू नका, नातं धरून ठेवा. नवनाझींमधून बाहेर पडणाऱ्यांसाठी एक्झिट नावाची संस्था तर २००० पासून आहे. डेन्मार्कमध्ये आरहूस शहरात पोलीस आणि नगरपालिका एकत्र बसतात, तिथून सीरियाला साधारण तीसेक पोरं गेली होती, परत आलेल्यांपैकी ज्यांच्यावर गुन्हा नाही त्यांना घर, शिक्षण, डॉक्टर, आणि एक मोठा माणूस सोबतीला दिला. देश लहान, पैसा भरपूर, आपल्याला जसंच्या तसं जमणार नाही हे मलाही कळतं. कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे, पहिला फोन उचलणारा माणूस खाकीतला नसावा.

"अतिरेक्यांचं समुपदेशन करताय का?" असं लगेच कुणीतरी म्हणणार. मग गडचिरोलीचं बघा. आपल्याच राज्यात २००५ पासून नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना आहे, घर, पैसे, प्रशिक्षण, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती नावाचा बडा नेता साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्र ठेवून गेला, त्याचं सगळ्यांनी स्वागत केलं, मीही केलं. चाळीस वर्षं बंदूक घेतलेल्या माणसासाठी परत यायचा रस्ता सरकारने बांधला, त्याला मुख्य प्रवाह म्हणतात. आणि ज्या सतरा वर्षांच्या पोराने अजून फक्त व्हिडिओ बघितलेत आणि चार भडक मेसेज टाकलेत, त्याच्यासाठी रस्ताच नाही, त्याच्यासाठी एक तर दुर्लक्ष नाही तर एफआयआर. मधलं काहीच नाही. ज्याने कट रचला, शस्त्र आणलं, कुणाला मारलं, त्याचं पोलीस आणि कोर्टच बघतील, त्याबद्दल वाद नाही. मी बोलतोय ते त्याआधीच्या दोन-तीन वर्षांबद्दल.

आपल्याकडे हे करायला काही नाही असंही नाही. शांतता समिती आहे की! गणपती आणि ईदच्या आधी पोलीस स्टेशनच्या हॉलमध्ये मीटिंग, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत तेच ते माजी नगरसेवक, ट्रस्टी, मंडळांचे संस्थापक अध्यक्ष, एखादे डॉक्टर. पीआय साहेब म्हणतात अफवांवर विश्वास ठेवू नका, एक जण गंगा-जमुना म्हणतो, एक जण हिंदू-मुस्लिम-शीख-इसाई म्हणतो, कुणीतरी रस्त्यातल्या खड्ड्यांचा विषय काढतो आणि खरी चर्चा तेवढीच होते. चहा, फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. हॉलमध्ये पंचविशीच्या आतलं कुणी नाही, बायका एक-दोन, त्याही फोटोपुरत्या. ज्यांच्याशी बोलायचं ती पोरं त्याच वेळी बाहेर मंडपाच्या बल्ल्या ठोकत असतात. तीच गत सद्भावना रॅलीची, अमळनेरला साने गुरुजी शिकवत होते हे सांगितलं की आपली जबाबदारी संपली, असं वाटतं लोकांना.

हेच नीट केलं तर काय होतं ते भिवंडीने दाखवलंय. १९८४ ला तिथे भयानक दंगल झाली होती. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, पुढाऱ्यांच्या नाही, साध्या माणसांच्या, दोन्ही समाजांच्या, आणि त्या चालवायला साधा हवालदार-जमादार. या कमिट्या फक्त सणाला बसत नव्हत्या, नळाचं भांडण, भाडेकरूचं भांडण, पोरांची मारामारी, सगळं तिथे यायचं. १९९२-९३ ला मुंबई जळत होती तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. हे आपल्याच महाराष्ट्रात घडलंय, डेन्मार्कला जायची गरज नाही. आणि आबांची, आर. आर. पाटलांची, तंटामुक्ती मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, ती गावागावात पोचली, लोकांनी वर्षानुवर्षांचे बांधाचे वाद मिटवले. पण त्याला बक्षीस लावलं. बक्षिसासाठी तंटे मिटले, काही कागदावरच मिटले, बक्षीस मिळाल्यावर समिती झोपली. आज आमच्याकडे तंटामुक्ती अध्यक्ष म्हणजे पळून आलेल्या जोडप्याचं लग्न लावून फोटोत उभा राहणारा माणूस. वाईट काम नाही ते, उलट आजच्या दिवसांत धाडसाचंच म्हणायचं, फक्त मोहीम त्यासाठी नव्हती.

भिवंडी अधिकारी बदलल्यावर टिकली नाही आणि तंटामुक्ती बक्षीस संपल्यावर टिकली नाही, यातून राष्ट्रीय स्ट्रॅटेजीला काय शिकता येईल ते उघड आहे, चांगल्या माणसाच्या मर्जीवर आणि ट्रॉफीवर चालणारी गोष्ट बदली आणि बजेटसोबत जाते. राष्ट्रीय आराखड्याचा उपयोग असलाच तर इथेच आहे, पदं मंजूर करणं, नियम लिहून ठेवणं, आणि मुख्य म्हणजे एक भिंत बांधणं, समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट पोलिसांच्या फाईलीत जाणार नाही, अपवाद फक्त कुणाच्या जिवाला लगेच धोका असेल तेव्हा, आणि हा अपवाद आधीच मोठ्या अक्षरात सांगितलेला असेल. ही भिंत कायद्यात नसेल तर हेल्पलाईन म्हणजे नव्या रंगाचा ११२. आणि ती एका समाजाच्या नावाने काढू नका, त्या दिवशीच ती मेली. तलवारीवाला केक, गोरक्षणाच्या नावाने हायवेवर गाड्या अडवणारं टोळकं, परदेशातल्या जिहादचे व्हिडिओ बघणारा, तिघांच्या आयांना एकच नंबर पाहिजे.

पैशाचं म्हणाल तर नवीन मंत्रालय वगैरे काढायची काही गरज नाही. टेलिमानसची लाईन आहेच, तिथल्या लोकांना या विषयाचं प्रशिक्षण द्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदावर आहे, तो तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत उतरवा, तालुक्याला एक समुपदेशक, जो अहिराणीत, तावडीत, भिलीत, दखनीत बोलू शकेल, कारण शिरपूरचा पावरा बाप काय किंवा भुसावळची खाला काय, प्रमाण मराठीत आपल्या पोराचं दुःख सांगणार नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्या, म्हणजे डीपीसी, आहेत, पालकमंत्री अध्यक्ष असतात, दर वर्षी कोट्यवधीचे रस्ते, सभामंडप, हायमास्ट मंजूर होतात आणि सीसीटीव्हीला पैसे लगेच निघतात. डीपीसीच्या पुढच्या बैठकीत एखाद्या सदस्याने हात वर करून एवढंच विचारावं, जिल्ह्यात समुपदेशकांची पदं किती मंजूर आहेत, किती भरलेली आहेत आणि झुंडबळीचा नोडल अधिकारी या हॉलमध्ये हजर आहे का.